पाचवा फर्मा

मला थांबता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, आमच्या घरात याचा चांगलाच बोभाटा आहे. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करते आणि मग भात कच्चा राहिला म्हणून तांदळाला शिव्या घालते. एसटीत बसले की स्टँड यायच्या दहा मिनिटं आधीच पिशवी घेऊन दारात उभी. कंडक्टर ओरडतो, मावशी बसा की खाली, पडाल. आमचे हे म्हणतात, "तू जन्मालासुद्धा आठव्या महिन्यात आली असशील." खरं म्हणजे सातव्यात आले, पण ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

अशा बाईनं पुस्तकं छापायच्या भानगडीत पडू नये. पण पडले. हायस्कूलला मराठी शिकवून निवृत्त झाले आणि पुढच्या खोलीत प्रकाशन काढलं. प्रकाशन म्हणजे काय, तर एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि दिवाणाखाली न विकलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. पाहुणे झोपले की पाठीखाली कवितासंग्रह असतात. वर्षाला दोन पुस्तकं, फार तर तीन. एखादी कादंबरी, एखादा कवितासंग्रह, एखादं ललित लेखांचं. प्रत्येकी तीनशे प्रती. पुण्या-मुंबईला कुणी विचारत नाही अशी माणसं माझ्याकडे येतात. कुणी मागावर टॉवेल विणता विणता कविता करतो, कुणी मनपाच्या टँकरवर ड्रायव्हर आहे आणि कादंबरी लिहितो. ती माणसं वर्षानुवर्षं लिहीत असतात, थांबलेली असतात. थांबण्याचा सगळा कोटा बहुतेक त्यांच्याकडे गेलाय, माझ्या वाट्याला काही उरलेलं नाही.

छपाई शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत होते. आमचे छापखानेवाले अण्णा तेलुगू घरातले, आजोबा-वडील विणकर, ह्यांनी मात्र ऑफसेट मशीन टाकलं. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, मधे यांचं दुकान. चादरीची लेबलं, लग्नपत्रिका, चार भाषांतली हँडबिलं, आणि अधूनमधून माझं पुस्तक. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या तुकड्यांत छापतात. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं बसतात, त्या कागदाला फर्मा म्हणायचं. घड्या घालून, एकावर एक रचून शिवलं की झालं पुस्तक.

आमच्या पहिल्याच कादंबरीच्या वेळी लेखकानं प्रकाशनाच्या दिवशी भर हॉलमध्ये "हा शेवट माझा नव्हेच" म्हणून तमाशा केला होता. त्याचाच होता. लिहून विसरला होता. त्या दिवसापासून मी नियम घातला की प्रत्येक फर्म्याच्या शेवटच्या प्रुफावर, खाली उजव्या कोपऱ्यात, लेखकानं स्वतःच्या हातानं "छापावे" असं लिहायचं आणि सही करायची. त्याशिवाय कागद मशीनवर चढवायचा नाही. अण्णांना हा नियम भलताच आवडला. कुणी घाई करायला लागलं की ते त्याचं वाक्य करून ऐकवायचे, "सही असेल तर मशीन, नसेल तर चहा."

हा नियम मी केला, आणि मीच मोडला. तेच सांगायला बसले आहे.

त्या नर्सबाई मैंदर्गीच्या. सरकारी नोकरीत नर्स होत्या, अक्कलकोटच्या अवतीभवतीच्या गावांत त्यांनी जन्मभर बाळंतपणं केली, लशी टोचल्या. निवृत्त झाल्यावर लिहायला लागल्या. एक दिवस तीन जाड वह्या घेऊन माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "म्याडम, हे काय हाय मला म्हाईत न्हाय. गोष्टी म्हणाव्यात तर गोष्टी न्हाईत. वाचून बघा, न्हाई पटलं तर शेगडीत घाला." अक्षर असं स्वच्छ, गोल, सुटं सुटं, की लसीकरणाचं कार्ड वाचतोय असं वाटावं.

मी उभ्याउभ्या पहिली दोन पानं वाचली आणि मग खाली बसले. कळा सुरू झाल्या की बाई कुठल्या भाषेत ओरडते, यावर एक लेख होता. घरात सगळं मराठी बोलणारी सून ऐन वेळेला कानडीत आईला हाका मारते, आणि बाहेर बसलेल्या सासूला त्या एका रात्रीत कळतं की ही आपल्या घरात अजून पाहुणीच आहे. अगं बाई! असलं लिहिणारं माणूस मैंदर्गीत बसलंय आणि आपण इथं शहरातल्या कवींची रडगाणी छापतोय, असं झालं मला. नर्सबाईंना मी चहा विचारायचीसुद्धा विसरले.

पुस्तक सात फर्म्यांचं झालं. सहा फर्म्यांवर सह्या आल्या. पाचवा अडला.

पाचव्या फर्म्यात त्यांच्या थोरल्या बहिणीवरचा लेख होता. थोरलीला त्या अक्का म्हणतात. अक्कांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि दोघी बहिणी एकाच घरात राहतात, एकमेकींशिवाय त्यांना कुणी नाही. अक्कांच्या आयुष्यातला एक दिवस, तरुणपणचा, जो या दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हता, त्याबद्दलचा तो लेख. त्यात काय होतं ते मी इथं सांगणार नाही. का ते पुढं येईलच. एवढंच सांगते, की इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर आलेलं ते सगळ्यात चांगलं लिखाण. मी ते वाचलं आणि उठून उगीचच न्हाणीघरातल्या बादल्या घासत बसले.

नर्सबाई म्हणाल्या, "एवढा एक फर्मा मी घरी नेते. अक्काला मराठी वाचता येत न्हाय, तिची शाळा कानडी. तिला वाचून दाखवते, ती बरं म्हणाली की सही करते."

"दाखवा की. कधीपर्यंत?"

"बघू की."

हे "बघू की" म्हणजे आमच्याकडचा मोठा गहन शब्द. त्यात दोन दिवसही बसतात आणि दोन वर्षंही. पहिला आठवडा गेला. मी फोन केला. अक्कांचा गुडघा सुजला होता. दुसऱ्या आठवड्यात कलबुर्गीचे पाहुणे. तिसऱ्या आठवड्यात अक्कांचा उपास, उपासाला असलं काही बोलायचं नाही. चौथ्या आठवड्यात फोनच उचलला नाही. इकडं अण्णा म्हणाले, "बाई, परवापास्नं लग्नपत्रिका सुरू. मग जूनपर्यंत मशीनला हात लावू देणार नाही मी तुम्हाला. छापायचं तर आज-उद्या." वाचनालयाचा हॉल मी सांगून बसले होते, तो रविवार पंधरा दिवसांवर आला होता. सहा फर्मे छापून, घडी होऊन तयार. मधेच भोक. मला जेवण जाईना. घरभर येरझारा. यांनी विचारलं, "काय झालंय काय?" मी म्हटलं, "कुठं काय," आणि जाऊन वीजबिलाच्या पाठीवर नर्सबाईंची सही गिरवायला घेतली.

फार अवघड नव्हती. इतकं सरळ अक्षर, की त्यात लबाडीला अडचणच होत नव्हती. पाचव्या फर्म्याची दुसरी प्रत माझ्याकडे होती. तिच्यावर खाली उजव्या कोपऱ्यात मी लिहिलं, "छापावे". खाली त्यांची सही ठोकली. मनात म्हटलं, त्या नाही थोडंच म्हणणार आहेत? असला लेख कुणी नाकारतं का? आज ना उद्या सही येणारच, मी फक्त चार दिवस अलीकडे आणली.

अण्णांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा लावला, सहीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"नर्सबाई आल्या होत्या?"

"हो. येऊन गेल्या."

"चहा पण न घेता गेल्या म्हणा की," एवढंच बोलून त्यांनी प्लेट लावायला सांगितलं. तासाभरात तीनशे कागद पडले. शेजारच्या मागांच्या खडखडाटात आमच्या मशीनचा आवाज ऐकूसुद्धा येत नव्हता. घरी आले आणि पोटभर जेवले. त्याची मला आता जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी नर्सबाई दारात. उन्हानं तोंड लाल झालेलं, हातात पाचवा फर्मा. अक्कांच्या लेखाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तांबड्या पेनानं पानोपानी तिरपी रेघ. पट्टी ठेवून मारलेली.

"अक्का नको म्हणाली," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी दुसरं लिहून देते मी. तुमचं थोडं काम वाढलं म्याडम, राग मानू नका."

आता मी तिथंच सांगायला हवं होतं की नाही? मी म्हटलं, "बरं. राग कसला." पाणी दिलं, चहा दिला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, अक्कांना म्हणून. जाताना त्या एवढ्या हलक्या होऊन गेल्या, की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तडक अण्णांकडे गेले. खरं काय ते सांगितलं. अण्णा शाईचे हात पुसत शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे की. पत्रिका छापणारा माणूस आहे मी, बाई. मुलीकडच्याची सही कुठली, मुलाकडच्याची कुठली, मी झोपेतसुद्धा सांगीन."

"मग तेव्हा का बोलला नाही?"

"नियम तुमचा. मला वाटलं मोडायचा हक्क पण तुमचाच असेल."

मला त्यांचा असा काही राग आला! पण राग करायचा कुणाचा? म्हटलं, ते कागद तेवढे फाडून टाका. तर अण्णा म्हणाले, "तीनशे मोठाले कागद फाडून फाडून किती फाडणार? रद्दीतच जाणार. रद्दीवाला उचलणार, बाजारात विकणार. उद्या अक्कलकोटच्या बाजारात कुणीतरी याच्यातच शेंगा बांधून मैंदर्गीला पाठवल्या तर? मोठा टाइप आहे, लांबून वाचता येतं." मशीनवर खराब झालेल्या चार-पाच कागदांच्या त्यांनी माझ्यासमोर चिंध्या केल्या. कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीकडं जाऊन मी लेखाची फाइल पुसायला लावली, आणि पुसली की नाही हे तीनदा बघितलं. तीनशे कागदांचा गठ्ठा रिक्षात घालून घरी आणला आणि दिवाणाखाली सारला. आणि त्यातला एक कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. कशाला? नर्सबाईंना दाखवून कबुली द्यायची, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली मैंदर्गी एसटी धरली. फोन करून जायचं सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं. पण फोन केला असता तर त्या "बघू की" म्हणाल्या असत्या.

घराचं दार उघडं. नर्सबाई नव्हत्या. कुणाला तरी इंजेक्शन द्यायला पलीकडच्या गल्लीत गेल्या होत्या. अक्का सोप्यात सुपात ज्वारी निवडत बसलेल्या. कपाळाला विभूती, अंगानं चिपाड, पण पाठ अशी ताठ की मी नकळत पदर सारखा केला. "बर्री, बर्री," म्हणाल्या, मग मराठीत, "या की, बसा. ती येतीच एवढ्यात. तुमी पुस्तकवाल्या बाई न्हवं? तुमची चटणी लई झ्याक हुती."

चांगली दहा मिनिटं बसायचं होतं मला. फक्त दहा मिनिटं. नर्सबाई आल्या असत्या, त्यांना बाजूला घेऊन सांगितलं असतं. पण त्या चटणीनं माझा जीव खाल्ला. आपण या म्हातारीला फसवलंय आणि ती आपल्या चटणीचं कौतुक करतेय, हे मला सोसवेना. मी भडाभडा बोलून मोकळी झाले.

"अक्का, तुम्ही नको म्हणालात, ते तुमचं बरोबरच होतं. पण माझ्याकडून चूक झाली. तुमच्यावरचा तो लेख मी आधीच छापून बसले होते. बाहेर कुठं गेलेला नाही. मी एकसुद्धा जाऊ देणार नाही. मला माफ करा."

अक्कांचा सुपातला हात थांबला.

"कसला लेख?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या खरंच विचारत होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"तुमी कशाबद्दल बोलताय बाई? माझ्यावर कुणी लिव्हलंय?"

मी काहीबाही बोलायचा प्रयत्न केला. अक्का म्हणाल्या, "हाय का तुमच्यापाशी?" मी मान हलवली. "वाचा."

"नर्सबाई येऊ देत, मग..."

"वाचा म्हटलं की."

मी पर्समधून कागद काढला, घड्या उलगडल्या. मोठा कागद, पानं उलटसुलट छापलेली, एक पान सरळ तर दुसरं उलटं. कागद फिरवत फिरवत मी वाचलं. शाळेत धडा वाचायची माझी सवय, आवाज आपोआप स्पष्ट लागतो, आणि त्या दिवशी मला त्या आवाजाची किळस आली. अक्का पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या. खडा निघाला की जमिनीवर टाकायच्या. अकरा पानं वाचून होईपर्यंत त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

वाचून झालं. त्या म्हणाल्या, "मी रडले न्हवते."

"अं?"

"तिनं लिव्हलंय मी रडले. मी रडले न्हवते."

दारात हालचाल झाली म्हणून मी वळले. नर्सबाई उभ्या होत्या, पिशवी हातातच. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी अक्कांकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं.

"म्याडम, मी तिला इचारलंच न्हवतं," त्या म्हणाल्या. "महिनाभर रोज ठरवायची, आज वाचून दाखवीन, आज दाखवीन. धीर झाला न्हाई. म्हणून मीच काट मारली. तिला कळायच्या आत सगळं मिटवलं हुतं मी." मग पिशवी खाली ठेवून, "तुमाला थोडं थांबता आलं नसतं व्हय?"

दोन वेळा घाई केली. पहिल्या वेळी खोटं बोलायची, दुसऱ्या वेळी खरं बोलायची. खरं बोलायच्या घाईनं जास्त वाटोळं केलं.

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "असली किती हायत?"

"तीनशे. हा धरून."

"समदी आणा हितं."

दुसऱ्या दिवशी आणली, प्रुफं आणि वहीतली ती पानंसुद्धा. पाच-सहा किलोचं गाठोडं, जुन्या चादरीत बांधलेलं, एसटीत मांडीवर घेऊन बसले, खाली ठेवायचा धीर होईना. निघायच्या आधी घरी गठ्ठा सारखा करत होते, तेव्हा वरचा एक कागद मी काढून घेतला. सपाट, कोरकरीत, एकही घडी न पडलेला. कपाटात चादरींच्या मधे ठेवला. मला वाटलं, हे सगळं मी पुसून टाकणार, ठीक आहे, पण असं लिखाण जगात कुठंतरी एक तरी राहिलं पाहिजे. असं मला खरंच वाटलं. चोरी करताना चोराला काहीतरी उदात्त वाटतच असेल.

अक्कांनी गाठोडं ठेवून घेतलं. मोजते वगैरे काही म्हणाल्या नाहीत. चहा दिला. नर्सबाई आतून बाहेर आल्या नाहीत.

पण पुस्तक निघालं. नर्सबाई शब्दाला जागल्या, अक्कांच्या लेखाच्या जागी गावातल्या पहिल्या नसबंदी शिबिरावर लेख दिला. पाचव्या फर्म्याच्या नव्या प्रुफावर त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच पेनानं "छापावे" लिहिलं. सही करताना त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वीजबिल आठवलं. अण्णांनी लग्नपत्रिका एक रात्र बाजूला ठेवून तो फर्मा छापला, आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. अक्का आल्या नाहीत. लोकांनी कौतुक केलं, एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुस्तक उत्तम, पण मधला एक लेख जरा बेतासबात वाटतो." मी विचारलं कुठला, आणि त्यानं नेमका नसबंदीवरचाच सांगितला. घरी येऊन मी कपाट उघडलं, चादरी उचलल्या, कागद आहे याची खात्री केली. वाचला नाही. तसा तो मला जवळजवळ पाठच झाला होता.

त्यानंतर नर्सबाईंचा अधूनमधून फोन यायचा. विषय भलताच असायचा, पाऊस, बस, गुडघा. एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "आमच्यात अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं म्याडम. अक्का रोज सकाळी तुमचं चार-पाच कागद लावती. चांगलं पेटत्यात." मी विचारलं, "तुम्ही दोघी बोलता का एकमेकींशी?" तर हसल्या. "बोलतो की. भांडतो. ती म्हणती मी रडले न्हवते, मी म्हणते रडलीस, मी डोळ्यानं बघितलंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला न्हवता, आता रोज पाणी तापस्तोवर तेच." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण फोन ठेवला की पुन्हा कपाटाकडे लक्ष जायचं. घरात कुणी चादर काढायला गेलं की मी धावत जायची. "तू बस, मी देते." यांना वाटलं मी दागिने लपवलेत.

असे दोन महिने गेले. मग एके दिवशी दुपारी फोन.

"म्याडम, आज गठ्ठा संपला."

"बरं झालं."

"अक्का म्हणती एक कमी हाय."

मी कपाटाकडे बघितलं. त्या मग म्हणाल्या, "पयल्याच दिवशी मोजली हुती तिनं. मला आज सांगितलं."

मी तशीच निघाले. हे विचारत होते कुठं, कधी परत, मी काय उत्तर दिलं आठवत नाही. कागदाची सुरळी केली, वर्तमानपत्रात गुंडाळली. मैंदर्गी येईपर्यंत दारात उभी राहिले नाही, शेवटच्या सीटवर खिडकीला बसून राहिले. मला पोचायचंच नव्हतं. उतरताना कंडक्टरनंच हाक मारली, "मावशी, मैंदर्गी आलं की, उतरायचं न्हाई का?"

संध्याकाळ होत आली होती. मागच्या अंगणात चूल, चुलीवर पाण्याचं पातेलं, समोर पाटावर अक्का. नर्सबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी फक्त मान हलवली. मी सुरळी अक्कांच्या पुढं धरली. त्यांनी उलगडली, मराठी वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली.

"पयल्या दिशीच मोजली मी. दोनशे नव्याण्णव," त्या म्हणाल्या. "म्हटलं आणती का बघू सोताहून. रोज चार-पाचच जाळायची. म्हटलं गठ्ठा संपेस्तोवर वाट बघू." मग माझ्याकडे वळल्या. "तुला थांबता येत न्हाय, आसं धाकटी म्हणती. मला येतं."

आधी त्या मला "तुमी" म्हणत होत्या. आता "तू" आलं. ते ममतेचं "तू" नव्हतं, शाळेत मी चुकलेल्या पोरींना म्हणायची तसलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुसलं नाही, धुराचं आहे असंही म्हटलं नाही.

"पाठ झालं आसंल," अक्का म्हणाल्या.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "हो," मी म्हटलं. "बरंचसं."

"मग हे जाळून तरी काय उपेग." त्या बराच वेळ कागद हातात धरून बसल्या. नर्सबाई ओट्यावरून उठल्या आणि परत बसल्या. "ते तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. डोस्क्यातलं कोण काढणार. पर कुणाला सांगू नगंस. तुज्या नवऱ्याला पण न्हाय."

"नाही सांगणार."

"आन मी रडले न्हवते."

"रडलीस," ओट्यावरून नर्सबाई म्हणाल्या.

अक्कांनी तिकडं लक्ष दिलं नाही. कागदाची सावकाश चौघडी केली, आणखी एक घडी केली, चुलीत सरपणाच्या खाली सारला. आधी कडा काळ्या झाल्या, मग एकदम पेटला. आम्ही तिघी बघत होतो. कागद संपला तरी अक्का उठल्या नाहीत. पातेल्यात बोट बुडवून बघितलं आणि मग बादलीत पाणी ओतलं.

"परवासाची आलीस," त्या म्हणाल्या. "हात-पाय धू. मग भाकरी खाऊन जा."

मी हात-पाय धुवायच्या दगडावर जाऊन उभी राहिले. पाणी चांगलंच कढत होतं, हात घालवत नव्हता. अक्का गार पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या. त्यांचा गुडघा दुखतो, त्या सावकाश गेल्या, सावकाश आल्या. त्या येऊन विसण घालेपर्यंत मी थांबले.